व्हॉट्सॲप मॅट्रिक्सला जोडताना: ब्रिज बसवण्याचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं. काळ्या खिडकीत लाल ओळी, खाली एकच प्रश्न: "सगळं केलं, तरी ब्रिज चालत नाही." बघायला बसलं की कळतं, खरंच सगळं केलेलं असतं. फक्त उलट्या क्रमाने. आधी क्यूआर कोड स्कॅन, मग परवानग्या, मग जुने मेसेज आले नाहीत म्हणून धावपळ. म्हणून हा लेख क्रमाचा आहे. प्रत्येक टप्प्यानंतर एक तपासणी दिली आहे. ती पास झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मॅट्रिक्स म्हणजे चॅटचं खुलं जाळं, ज्यात स्वतःचा सर्व्हर चालवता येतो, आणि ब्रिज म्हणजे व्हॉट्सॲपचे मेसेज तिथे आणणारा आणि परत नेणारा प्रोग्रॅम. इथे स्वतःचा मॅट्रिक्स सर्व्हर सिनॅप्स या प्रोग्रॅमवर चालवायचा, डॉकर (प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) वापरायचा आणि माऊट्रिक्स-व्हॉट्सॲप हा ब्रिज बसवायचा, असं धरलं आहे. आज्ञा, फाईली आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत असतात, त्यामुळे इथून उचलून तिकडे डकवता येणार नाहीत. ते एका अर्थी बरंच, निम्म्या चुका न वाचता डकवण्यानेच होतात.

## ब्रिज नक्की काय करतो

व्हॉट्सॲपचा प्रोटोकॉल कंपनीचा स्वतःचा आहे आणि बाहेरच्यांना वापरायला खुला नाही. हा ब्रिज व्हॉट्सम्याऊ नावाची मुक्त लायब्ररी वापरतो आणि व्हॉट्सॲप वेबसारखा वागतो. म्हणजे तुमच्या फोनच्या दृष्टीने ब्रिज हा 'लिंक्ड डिव्हाइसेस'च्या यादीतला आणखी एक लॅपटॉप. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

फोनसोबत जास्तीत जास्त ४ लिंक्ड डिव्हाइस चालतात, ब्रिज त्यातली एक जागा खातो. फोन सतत ऑनलाइन लागत नाही, पण १४ दिवस फोनवर व्हॉट्सॲप उघडलंच नाही तर सगळी लिंक्ड डिव्हाइस बाहेर फेकली जातात, ब्रिजसुद्धा. व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल ब्रिजमधून येत नाहीत, कॉल आल्याची सूचना तेवढी दिसते. थोडक्यात, ब्रिज बसवला म्हणून जुना फोन कपाटात टाकून देता येत नाही. निम्म्या लोकांना खरं तर तेच करायचं असतं. त्यांनी इथेच थांबावं.

## टप्पा ०: या गोष्टी मान्य असतील तरच सुरू करा

खातं बंद होण्याची शक्यता. व्हॉट्सॲपच्या अटींमध्ये अनधिकृत क्लायंटला जागा नाही. वर्षानुवर्षं वापरात असलेला नंबर, रोजच्यासारख्या गप्पा, एवढ्यावर सहसा काही होत नाही. पण 'सहसा' या शब्दावर बँकेचा किंवा दुकानाचा नंबर पणाला लावू नका. कालच घेतलेलं नवं सिम, त्यावर आज ब्रिज आणि उद्या शंभर जणांना एकच मेसेज, हा खातं घालवण्याचा खात्रीचा मार्ग. धंद्यासाठी घाऊक मेसेज पाठवायचे असतील तर अधिकृत बिझनेस प्लॅटफॉर्म घ्या, त्या कामाला ब्रिज नाही.

एन्क्रिप्शन तुमच्या सर्व्हरवर सुटतं. व्हॉट्सॲपचा मेसेज ब्रिजमध्ये उघडला जातो आणि मॅट्रिक्ससाठी नव्याने बांधला जातो. ब्रिजमध्ये मॅट्रिक्सकडचं एन्क्रिप्शन चालू करता येतं, पण ब्रिज आणि सिनॅप्स एकाच यंत्रावर असतील तर किल्ल्याही त्याच यंत्रावर असतात. म्हणून दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपला ब्रिज ठेवू नये. आणि आपल्या सर्व्हरवर नातेवाइकांना घेतलं, तर त्यांचे मेसेज आपण तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतो हे त्यांना आधी सांगावं.

भारतीय नंबर असेल तर आधी ही चाचणी. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप्सना सिम-बाइंडिंगचे, म्हणजे नंबरचं सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालू देण्याचे, निर्देश दिले. वेबवरचं सेशन दर ६ तासांनी लॉगआउट व्हावं, असंही त्यात होतं. ब्रिज वेबच्याच दाराने आत येतो, त्यामुळे हा मुद्दा थेट आपल्या मुळावर येतो. कुठलंही सामान जमवण्याआधी साध्या ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब लिंक करा आणि दोन दिवस तसंच ठेवा. टिकलं, तर ब्रिजही टिकायला हरकत नाही. दिवसातून चारदा नव्याने स्कॅन करावं लागत असेल, तर ब्रिजचं तेच होणार आणि पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

युरोपात राहणारे वाचक विचारतात, "आमच्याकडे तर कायद्यानेच हे खुलं केलंय ना?" डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मेटाला बाहेरच्या मेसेजिंग सेवांसाठी अधिकृत दार ठेवावं लागलं, हे खरं. पण ते दार मेटाशी करार करणाऱ्या सेवांसाठी आहे, घरी सर्व्हर चालवणाऱ्या एकट्या माणसासाठी नाही. त्यामुळे म्युनिकमध्ये असा की मिरजेत, स्वतःचा ब्रिज लिंक्ड डिव्हाइसच्याच वाटेने जातो.

## टप्पा १: कागदावरच्या सहा ओळी

कीबोर्डला हात लावण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर हे लिहा:

1. सर्व्हरचं नाव, म्हणजे मॅट्रिक्स आयडीत कोलनच्या पुढे येणारं डोमेन.
2. सिनॅप्सचा बाहेरचा पत्ता, जो फोनवरच्या एलिमेंट या मॅट्रिक्स ॲपला लागेल.
3. सिनॅप्सचा आतला पत्ता, जो ब्रिजला लागेल. डॉकरमध्ये हा कंटेनरचं नाव आणि पोर्ट ८००८ असा असतो.
4. ब्रिजचा आतला पत्ता, जो सिनॅप्सला लागेल. कंटेनरचं नाव आणि पोर्ट २९३१८.
5. दोन डेटाबेसची नावं, दोन वापरकर्ते, दोन पासवर्ड.
6. तुमचा पूर्ण मॅट्रिक्स आयडी, सुरुवातीच्या ॲट चिन्हासकट.

पहिल्या ओळीवर वेळ घालवा. सिनॅप्सचं सर्व्हरचं नाव नंतर बदलता येत नाही. बदलायचंच झालं तर सगळं नव्याने उभं करावं लागतं. ओळ १ आणि ओळ २ वेगळ्या असू शकतात (नाव मुख्य डोमेनवर, सर्व्हर उपडोमेनवर) आणि बहुतेक गोंधळ या दोन ओळींची अदलाबदल झाल्यानेच होतो.

यंत्राबद्दल थोडं. दोन-तीन माणसांच्या वापराला २ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर मला पुरला आहे. घरच्या ब्रॉडबँडवर ठेवायचं असेल तर आधी बघा, तुमची जोडणी सीजीनॅटच्या मागे आहे का, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटलेला आहे का. असेल तर बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. गंमत म्हणजे अशा जोडणीतही ब्रिज व्हॉट्सॲपशी व्यवस्थित बोलतो, कारण ती जोडणी आतून बाहेर जाणारी असते. अडतो तो फोनवरचा एलिमेंट. मग लोक ब्रिजला दोष देत बसतात.

## टप्पा २: आधी एकटा सिनॅप्स

ब्रिज विसरा. सिनॅप्स, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि पुढे दारावर एंजिनएक्स किंवा कॅडी हा वेबसर्व्हर, एवढंच उभं करा. सिनॅप्सचा डेटाबेस तयार करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आणि लोकेल 'सी' ठेवा, नाहीतर सिनॅप्स सुरूच होत नाही. एसक्यूलाइटवर 'तात्पुरतं' सुरू करू नका, तात्पुरतं कधी कायमचं होतं ते कळत नाही.

नोंदणी बंदच ठेवा, मुळात ती बंदच असते. खातं सर्व्हरवरच्या आज्ञेने तयार करा. दुसऱ्या सर्व्हरशी बोलायचं नसेल तर फेडरेशनची, म्हणजे पोर्ट ८४४८ ची, काहीही गरज नाही.

एंजिनएक्स वापरत असाल तर अपलोडची मर्यादा आत्ताच वाढवा. त्याची मूळ मर्यादा १ एमबी आहे, सिनॅप्सची ५० एमबी. ही राहिली की नंतर एक चमत्कारिक लक्षण दिसतं: व्हॉट्सॲपवरून येणारे फोटो दिसतात, पण एलिमेंटवरून आपण पाठवलेले जात नाहीत. येणारे फोटो ब्रिज आतल्या पत्त्याने थेट सिनॅप्सला देतो, आपले मात्र एंजिनएक्समधून जातात. यावर माझे दोन रविवार गेले आहेत.

तपासणी: वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, फोनच्या एलिमेंटमधून लॉगिन करा. दुसरं एक खातं तयार करून दोघांत मेसेज आणि ५ एमबीचा एखादा फोटो पाठवा. हे झाल्याशिवाय पुढचा टप्पा वाचूही नका.

## टप्पा ३: ब्रिजचा वेगळा डेटाबेस

त्याच पोस्टग्रेसमध्ये चालेल, पण डेटाबेस वेगळा आणि वापरकर्ता वेगळा. दोघांना एकाच डेटाबेसमध्ये कोंबलं की तक्त्यांची सरमिसळ होते आणि बॅकअपमधून एकालाच परत आणणं अशक्य होतं.

## टप्पा ४: कॉन्फिग भरणं

ब्रिजचा कंटेनर पहिल्यांदा चालवला की तो नमुना कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाईल, लिहितो आणि स्वतःहून बंद होतो. दुसऱ्यांदा चालवला की रजिस्ट्रेशन फाईल लिहितो आणि पुन्हा बंद होतो. तिसऱ्यांदा खरा सुरू होतो. नवख्याला वाटतं की तो कोसळतोय, म्हणून तो घाईने सलग तीनदा चालवतो आणि अर्धवट कॉन्फिगवरूनच रजिस्ट्रेशन तयार होऊन बसतं. पहिल्या बंद होण्यानंतर थांबा. कागद समोर ठेवा आणि हे भरा.

होमसर्व्हर (म्हणजे सिनॅप्स) विभाग. 'ॲड्रेस'मध्ये कागदावरची ओळ ३, 'डोमेन'मध्ये ओळ १. दोन्हीत एकच काहीतरी भरणं ही सर्वांत लोकप्रिय चूक.

ॲपसर्व्हिस (म्हणजे ब्रिज स्वतः) विभाग. 'ॲड्रेस'मध्ये ओळ ४. 'होस्टनेम' म्हणजे ब्रिज कुठे कान लावून बसणार ती जागा. डॉकरमध्ये ती चार शून्यांची, ०.०.०.० अशी असावी लागते. तिथे १२७.०.०.१ राहिलं तर ब्रिज फक्त स्वतःच्या कंटेनरमधलंच ऐकतो.

'लोकलहोस्ट'बद्दल एकदाच सांगतो. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, तुमचं यंत्र नव्हे. दोन्ही कंटेनर एकाच डॉकर नेटवर्कमध्ये ठेवा आणि नावाने हाक मारा.

डेटाबेस. ओळ ५. पासवर्डमध्ये ॲट, कोलन, स्लॅश अशी चिन्हं नकोत. ती जोडणीच्या पत्त्यात घुसून त्याचे तुकडे करतात. लांब पासवर्ड घ्या, अक्षरं आणि आकडे पुरेत.

परवानग्या. नमुन्यातल्या उदाहरणाच्या ओळी काढा. तुमचा पूर्ण आयडी 'ॲडमिन', घरच्यांना द्यायचं असेल तर तुमचं डोमेन 'युजर'. तारा-चिन्हाच्या ओळीला 'युजर' कधीही देऊ नका. नाहीतर सर्व्हरपर्यंत पोचणारा कुणीही तुमच्या ब्रिजवर आपलं व्हॉट्सॲप जोडू शकतो.

जुने मेसेज. हे लॉगिनच्या आधीच ठरवायचं असतं. फोन जुना इतिहास लिंक होतानाच पाठवतो, नंतर मागून तो तसाच्या तसा मिळत नाही. 'बॅकफिल' विभागात ते चालू करा, नमुन्यात ते बंद असतं. प्रत्येक गप्पांमध्ये किती जुने मेसेज भरायचे हा आकडाही तिथेच आहे, नमुन्यात ५०. याहून मागचं हवं असेल तर इतिहासाच्या सेटिंगमध्ये 'पूर्ण सिंक मागा' असा पर्याय आहे, त्याने सुमारे तीन महिन्यांऐवजी वर्षभराचा इतिहास मागितला जातो. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी मागू नका. तीन महिन्यांतही पुरेशी लग्नं आणि बारशी येतात.

> इशारा: यामल फाईलीत (कॉन्फिग याच प्रकारात असतं) टॅब चालत नाही, फक्त स्पेस. एक ओळ दोन स्पेसने सरकली की ती भलत्याच विभागात जाते आणि ब्रिज तक्रारही करत नाही, ती सेटिंग नुसती दुर्लक्षित होते.

तपासणी: फाईलमध्ये 'एक्झाम्पल' हा शब्द शोधा. टिप्पणीच्या ओळी सोडून कुठेही सापडला तर काहीतरी भरायचं राहिलं आहे.

## टप्पा ५: रजिस्ट्रेशन, जिथे दहातले सहा जण अडकतात

रजिस्ट्रेशन फाईल म्हणजे ब्रिजचं ओळखपत्र. तिच्यात ब्रिजचा पत्ता, बॉटचं (ज्याला मेसेज करून ब्रिजला आज्ञा देतो त्या खात्याचं) नाव, कोणत्या नावांचे वापरकर्ते तयार करायची मुभा, आणि दोन टोकन असतात. एक टोकन ब्रिज सिनॅप्सला दाखवतो, दुसरं सिनॅप्स ब्रिजला. हीच दोन टोकनं ब्रिजच्या कॉन्फिगमध्येही लिहिली जातात. दोन्हीकडे तीच असली पाहिजेत, सगळा खेळ एवढाच.

1. कॉन्फिग पूर्ण भरल्यावर ब्रिज दुसऱ्यांदा चालवा. रजिस्ट्रेशन तयार होईल, ब्रिज बंद होईल.
2. ती फाईल सिनॅप्सच्या डेटा फोल्डरमध्ये कॉपी करा. नाव बदलून 'व्हॉट्सॲप-रजिस्ट्रेशन' ठेवा, उद्या टेलिग्रामचा ब्रिज आला तर त्याचीही फाईल त्याच नावाची असेल.
3. फाईल सिनॅप्सला वाचता येते का पाहा. सिनॅप्सचा डॉकर कंटेनर सहसा वापरकर्ता क्रमांक ९९१ म्हणून चालतो, माऊट्रिक्सचा १३३७ म्हणून. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला उघडता येईलच असं नाही.
4. सिनॅप्सच्या मुख्य कॉन्फिगमध्ये ॲपसर्व्हिस फाईलींच्या यादीत तिचा मार्ग लिहा. मार्ग कंटेनरच्या आतला, तुमच्या यंत्रावरचा नव्हे.
5. सिनॅप्स रीस्टार्ट करा. नुसतं 'रीलोड' पुरत नाही.
6. मगच ब्रिज सुरू करा.

आता चुका. पुढे कधी ॲपसर्व्हिस विभागातला पत्ता, बॉटचं नाव किंवा वापरकर्त्यांच्या नावाचा साचा बदललात, तर रजिस्ट्रेशन नव्याने तयार करावं लागतं. नव्याने केलं की टोकनही नवी येतात. मग नवी प्रत सिनॅप्सकडे न्यावी लागते आणि सिनॅप्स पुन्हा रीस्टार्ट करावा लागतो. लोक पहिलं काम करतात, दुसरं विसरतात. तेव्हा ब्रिज म्हणतो, टोकन स्वीकारलं गेलं नाही. ही ओळ दिसली की इंटरनेटवर शोधत बसू नका. दोन फाईली शेजारी उघडा आणि टोकनची पहिली सहा अक्षरं जुळतात का पाहा.

दुसरी तक्रार वेगळी असते: होमसर्व्हरकडून ब्रिजकडे जोडणी होत नाही. म्हणजे ब्रिज सिनॅप्सपर्यंत पोचला, पण सिनॅप्स उलट हाक मारू शकला नाही. इथे टोकनला हात लावायचा नाही. ओळ ४ तपासा, चार शून्यं तपासा, दोन्ही कंटेनर एकाच नेटवर्कमध्ये आहेत का ते बघा. या दोन तक्रारींची दिशा उलटी आहे आणि उपायही वेगळे, पण लोक दोन्हींवर एकच औषध देतात: सगळं पुसून पहिल्यापासून.

ब्रिजचं २९३१८ हे पोर्ट फायरवॉलमधून जगाला उघडायची गरज नाही. कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका.

तपासणी: ब्रिजचा लॉग दोन मिनिटं शांत आहे, लाल ओळ नाही. एलिमेंटमध्ये तुमच्या डोमेनवरच्या 'व्हॉट्सॲपबॉट'शी नवी गप्पा सुरू करा आणि 'हेल्प' लिहा. आज्ञांची यादी आली पाहिजे. बॉट आमंत्रण स्वीकारून गप्प बसला तर तुमच्या आयडीची परवानगी पाहा, आणि आमंत्रणच स्वीकारलं नाही तर टप्पा ५ पुन्हा.

## टप्पा ६: लॉगिन

आता कुठे फोन हातात घ्यायचा. आधी 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन जुने, न ओळखणारे लॅपटॉप काढून टाका, जागा मोकळी करा.

बॉटला 'लॉगिन' म्हणा. दोन वाटा मिळतात. क्यूआरची वाट घ्यायची तर एलिमेंट दुसऱ्या पडद्यावर उघडा असू द्या, फोनचा कॅमेरा फोनचाच पडदा स्कॅन करू शकत नाही. (हसू नका, हा प्रश्न येतो.) कोड थोड्या थोड्या वेळाने बदलतो, म्हणून स्कॅनर उघडून ठेवल्यावरच बॉटला सांगा. एकच फोन असेल तर नंबरची वाट घ्या. देशाच्या ९१ या कोडसकट नंबर द्या, बॉट आठ अक्षरांचा कोड देईल, तो फोनवर 'फोन नंबरने लिंक करा' इथे भरायचा.

लागोपाठ पाच-सहा वेळा फसलं तर थांबा. अर्धा तास चहा घ्या. पुन्हा पुन्हा लिंक-अनलिंक करत राहणं हे व्हॉट्सॲपच्या नजरेत भरण्यासारखं वागणं आहे.

लिंक झाल्यावर इतिहास तुकड्यातुकड्यांनी येतो आणि एकेक गप्पा एकेक रूम म्हणून उगवते. मोठ्या ग्रुपातल्या प्रत्येक माणसासाठी ब्रिज एक सावली-वापरकर्ता तयार करतो, त्यामुळे पहिला तासभर सर्व्हर धापा टाकेल. या काळात ब्रिज रीस्टार्ट करू नका, फोनवरचं व्हॉट्सॲप उघडं ठेवा, चार्जर लावा.

तपासणी: मित्राला सांगून त्याच्याकडून एक मेसेज, एक फोटो आणि एक व्हॉइस नोट मागवा. तुम्हीही एलिमेंटवरून तिन्ही पाठवा. मग फोन विमान मोडवर टाका आणि दुसऱ्या यंत्रावरच्या एलिमेंटमधून पुन्हा एक मेसेज पाठवून पाहा. तो मित्राला पोचला, तर ब्रिज स्वतःच्या पायावर उभा आहे.

## टप्पा ७: डबल पपेट

आत्ता एक त्रास दिसेल. फोनवरून तुम्ही पाठवलेले मेसेज एलिमेंटमध्ये तुमच्या नावाच्या सावलीकडून आल्यासारखे दिसतात, आणि फोनवर वाचलेलं एलिमेंटमध्ये न वाचलेलंच राहतं. याचा इलाज म्हणजे डबल पपेट: ब्रिजला तुमच्या खऱ्या मॅट्रिक्स खात्याच्या वतीने वागायची मुभा देणं.

त्यासाठी आणखी एक छोटी रजिस्ट्रेशन फाईल हाताने लिहायची. तिच्यात पत्ता रिकामा, म्हणजे 'नल', आणि टोकन स्वतः तयार केलेलं लांबलचक. वापरकर्त्यांच्या साच्यात तुमच्या डोमेनवरचे सगळे. ती सिनॅप्सच्या यादीत घाला, सिनॅप्स रीस्टार्ट करा, आणि ब्रिजच्या डबल पपेट विभागात तुमच्या डोमेनसमोर तेच टोकन लिहा, आधी 'एएस-टोकन' हा उपसर्ग आणि कोलन लावून. मग ब्रिज रीस्टार्ट.

> इशारा: या फाईलमध्ये 'एक्सक्लुझिव्ह'समोर 'फॉल्स'च हवं. 'ट्रू' लिहिलंत तर डोमेनवरची सगळी नावं त्या ॲपसर्व्हिसच्या मालकीची होतात आणि तुमच्याच सर्व्हरवर नवं साधं खातं तयार करताना अडचण येते.

## टप्पा ८: पुढचे महिने

जागा. ब्रिजने आणलेला प्रत्येक फोटो तुमच्या सर्व्हरवर साठतो. माझ्या पहिल्या सर्व्हरची डिस्क गुलाबाच्या फुलांनी आणि 'शुभ सकाळ'नी भरली. शब्दशः भरली, पोस्टग्रेस थांबला आणि त्यासोबत सगळं. सिनॅप्समध्ये मीडिया किती दिवस ठेवायचा याची सेटिंग आहे, पण तिचे दोन भाग आहेत: बाहेरच्या सर्व्हरवरून आलेला आणि स्थानिक. ब्रिजने चढवलेला मीडिया 'स्थानिक' धरला जातो. लोक फक्त पहिल्या भागात दिवस भरतात आणि डिस्क का रिकामी होत नाही म्हणून विचारतात. अर्थात स्थानिकला मुदत घातली की तुम्ही स्वतः चढवलेले जुने फोटोही जातील. जपायचे असतील ते आधी उतरवून घ्या.

अपडेट. माऊट्रिक्सची नवी आवृत्ती साधारण दर महिन्याच्या मध्यावर येते. आळस करू नका. व्हॉट्सॲप मधूनमधून जुन्या वेब-आवृत्त्यांना दार बंद करतं. मग ब्रिज 'क्लायंट जुना झाला' असं म्हणून जोडायला नकार देतो, आकडा ४०५ दिसतो. उपाय एकच: ब्रिज अपडेट करा. अनलिंक करून पुन्हा स्कॅन केल्याने काहीच होत नाही, उलट इतिहास नव्याने येऊन गोंधळ वाढतो.

बॅकअप. दोन्ही डेटाबेस, दोन्ही कॉन्फिग, सगळ्या रजिस्ट्रेशन फाईली, सिनॅप्सची साइनिंग की आणि मीडिया फोल्डर. पण ब्रिजच्या डेटाबेसचा जुना बॅकअप परत आणताना सावध. त्यात एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची त्या दिवसाची अवस्था असते आणि जग पुढे गेलेलं असतं. आठवड्यापूर्वीचा बॅकअप चढवला की काही मेसेज उलगडत नाहीत. अशा वेळी फोनवरून ते डिव्हाइस काढा आणि नव्याने लिंक करा.

सर्व्हर बदलणं. जुना ब्रिज आधी बंद, मग डेटाबेस हलवा, मग नवा सुरू. दोन्ही एकाच वेळी चालले तर एकच सेशन दोन ठिकाणांहून जोडलं जातं, दोघे एकमेकांना ढकलत राहतात आणि लॉगमध्ये 'स्ट्रीम रिप्लेस्ड' अशी रांग लागते. जुन्या यंत्रावर डॉकर आपोआप सुरू होण्याची सेटिंगही काढा. वीज गेली, परत आली, की जुनं भूत उठतं.

चौदा दिवस. दर रविवारी फोनवर व्हॉट्सॲप उघडायचं, अशी कॅलेंडरमध्ये नोंद करून ठेवा.

## टेलिग्राम आणि सिग्नल जोडायचं असेल तर

टप्पा १ ते ५ तसेच. प्रत्येक ब्रिजला स्वतःचा डेटाबेस, स्वतःचं रजिस्ट्रेशन. डबल पपेटची फाईल मात्र एकच सगळ्यांना चालते. टेलिग्रामचं पोर्ट २९३१७, सिग्नलचं २९३२८. टेलिग्राम स्वतःच बाहेरच्या क्लायंटना परवानगी देतं. त्यासाठी त्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या नावाचा एपीआय आयडी आणि हॅश घ्यावा लागतो, तो कॉन्फिगमध्ये भरायचा. दुसऱ्याचा उचलून वापरू नका. सिग्नलची रीत व्हॉट्सॲपसारखीच, लिंक्ड डिव्हाइसची.

एका दिवशी एकच ब्रिज. तीन एकदम बसवले की कोणत्या लॉगमधली ओळ कुणाची, हे शोधण्यातच रात्र जाते.

## बंद करायचं असेल तर

इथेही क्रम आहेच. कंटेनर पुसून मोकळं होऊ नका, तसं केलं तर फोनच्या यादीत ते डिव्हाइस तसंच राहतं आणि सिनॅप्समध्ये शेकडो निर्जीव रूम उरतात. आधी बॉटला सांगून ब्रिजच्या सगळ्या रूम काढून टाका, 'हेल्प'च्या यादीत त्याची आज्ञा आहे. मग 'लॉगआउट' म्हणा. फोनवर 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून नाव खरंच गेलं का पाहा. मग ब्रिज बंद करा, सिनॅप्सच्या यादीतून रजिस्ट्रेशनची ओळ काढा आणि सिनॅप्स रीस्टार्ट करा. डेटाबेस सगळ्यात शेवटी पुसा, तोही आठवडाभर थांबून.